वाटेवरच्यांचा देव

फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायच्या खेळासाठी थोरलीने आख्खा देवलोक एकहाती रचला होता. समुद्राचा देव, युद्धाची देवी, मृत्यूचा देव, अशी बडी मंडळी कधीच आपापल्या जागी बसली होती. राहिले होते ते किरकोळ देव, आणि खरी मजा किरकोळांतच असते असं तिचं ठाम मत होतं. रविवारची दुपार होती. टेबलावर नकाशा, फासे आणि उष्ट्या कपबशा यांची सरमिसळ झाली होती. धाकटी बहीण आणि तिचा वकील नवरा, ज्याला सगळं घर जावईबापू म्हणे, नावांवरून हमरीतुमरीवर आले होते.

"उतू जाणाऱ्या दुधाची देवी, उतवळी!"

"आणि न उमटणाऱ्या पेनाचा देव झटक्या."

"हरकत आहे," जावईबापू म्हणाले. "देवाला असलं टोपणनाव शोभत नाही."

"तुमची हरकत फेटाळली."

हे आई म्हणाली होती. तिघंही बघतच राहिले. बाबा गेल्यापासून आई कामापुरतंच बोलायची, आणि थोरलीने हा खेळ घरात आणला होता तो तिला बोलतं करण्यासाठीच. आज आईचे डोळे चमकत होते. थोरलीच्या पोटात आनंद मावेना.

नाव पारखायची थोरलीची एक रीत होती. ती दवाखान्यात लोकांचे कान तपासायची, कानाची मशीन बसवून द्यायची. हाक मारल्यावर जे मोडतं ते नावच नव्हे, असं ती म्हणे. म्हणून दार उघडायचं, जिन्याच्या कठड्यावरून वाकायचं आणि हाक मारायची. "उतवळे!" छान घुमलं. "झटक्या रे!" ऐकून खालच्या बंद घरातलं कुत्रं भुंकलं, म्हणजे पास.

शेवटी एकच उरला. तिकडून निघाले पण इकडे अजून पोचले नाहीत, अशा सगळ्यांना सांभाळणारा, वाटेवरच्यांचा देव. नावं ढीगभर सुचली, पण जिन्यात एकही टिकेना.

"त्याला नाव कशाला हवंय?" आई म्हणाली. "मी तुमच्या बाबांना उभ्या जन्मात नावाने हाक मारली नाही. नुसतं अहो. काही अडलं का?"

धाकटीने टाळ्याच पिटल्या. "देवाचं नाव अहो!"

"बाकी देवांना अरेतुरे आणि याला एकट्याला अहोजाहो," जावईबापू म्हणाले. "मंजूर!"

ही हाक आईनेच मारायची, यावर वाद नव्हता. ती दारात उभी राहिली, केस सारखे केले आणि जुन्या सवयीच्या सुरात म्हणाली, "अहो..."

"ओ," खालून उत्तर आलं.

सगळे खो खो हसले. थोरली मात्र खाली जाऊन बघून आली. जिना रिकामा होता. खालच्या घराला कुलूप होतं आणि आतलं कुत्रं हूं की चूं करत नव्हतं.

"प्रतिध्वनी," ती म्हणाली. "अहोचा प्रतिध्वनी ओच येणार." बोलली खरी, पण तिच्या कानांना ते पटलं नव्हतं.

"ते नव्हेतच," आई उंबऱ्यातूनच म्हणाली. "तुझे बाबा कधी ओ देत नसत. ते म्हणायचे..." तिने मान जराशी वाकडी केली. "आलो गं, आलो."

थोरलीने दार लावलं, कडी घातली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"एकदाच," आई म्हणाली. लहान मुलीसारखी अधीर झाली होती ती. बंद दारापाशी जाऊन तिने हाक मारली. "अहो!"

पावलं वाजली नाहीत, पण दारापलीकडून उत्तर आलं.

"आलो गं, आलो."

धाकटी रडू लागली. "बाबा!"

आवाज ओळखणं हे थोरलीचं रोजचं काम. बाबांचा आवाज भरड होता. हा बारीक होता, दुसऱ्या 'आलो'वर किंचित कापणारा. हा आईचा आवाज होता. मघाशी उंबऱ्यात निघाला होता, अगदी तसाच.

"आई, उघडू नकोस!" ती ओरडली.

आईचा हात कडीवर थबकला. तिने मागे वळून पाहिलंही नाही.

दाराला अगदी लागून कुणीतरी म्हणालं, "आई, उघड."

आवाज थोरलीचा होता. थोरलीने तर दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले होते.

"उघडते गं," आई हरखून म्हणाली, आणि तिने कडी काढली.