शुद्धलेखनाची कॅसेट

पडेगावच्या शाळेत दुसरी आणि चौथी एकाच खोलीत भरायची आणि दोन्ही वर्ग बद्रीनाथ गुरुजींच्या गळ्यात. चौऱ्याऐंशी साली शाळेचा जुना विद्यार्थी कय्युमशेठ यानं एक टेपरेकॉर्डर भेट दिला, तेव्हा गुरुजींना हायसं वाटलं. दुसरीचं शुद्धलेखन ते आदल्या संध्याकाळी आपल्याच आवाजात भरून ठेवत. मग टेप दुसरीला वाक्यं सांगे आणि गुरुजी चौथीला भागाकार शिकवत. वाक्य एकदाच सांगायचं, हा त्यांचा बाणा.

दुसरीतली अख्तरी मागं बसायची. टेप सुरू झाला की ती उठून त्याला कान लावायची. दानाची वस्तू, बिघडली तर काय, म्हणून गुरुजींचा जीव खालीवर व्हायचा. एकदा त्यांनी सगळ्यांदेखत तिच्या हातावर पट्टी ओढली.

"टेपला हात लावायचा नाय, किती डाव सांगू?"

ती रडली नाही. त्यांच्या ओठांकडं बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही आणि पंधरवड्यानं तापात गेली. मयतीला गेले तेव्हा गुरुजींना कळलं, पोरीचे दोन्ही कान वर्षभर वाहत होते. तिला ऐकूच येत नव्हतं. त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना.

दिवाळीच्या सुट्टीनंतर, सोमवारी त्यांनी टेप पुन्हा बाहेर काढला. पहिलं वाक्य झालं आणि तेच वाक्य टेपमधून पुन्हा आलं. आवाज गुरुजींचाच. आपणच चुकून दोनदा भरलं असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. संध्याकाळी टेपचं हेड पुसून त्यांनी कोऱ्या कॅसेटवर नवा मजकूर भरला.

मंगळवारी प्रत्येक वाक्य दोनदा आलं, आणि मध्ये लांबलचक शांतता. मुलं लिहून मोकळी होऊन, पेन्सिली धरून बसून राहिली.

"गुरुजी, समद्यांचं झालं की," पुढं बसलेली साळू म्हणाली. "ह्यो टेप कुणासाठी थांबलाय?"

बुधवारी त्या शांततेत पानांची सळसळ होती. कुठंतरी होला पक्षी घुमत होता. गुरुजींनी तर खोलीची दारं-खिडक्या लावून आवाज भरला होता. मग त्यांचाच आवाज आला, ते आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते इतका हळू.

"झालं का, बेटा?"

गुरुजींनी टेप बंद केला.

शाळा सुटल्यावर ते तडक अख्तरीच्या घरी गेले. पोरीला मी मारलं, एवढंच तिच्या आईला सांगायचं होतं. मग तिनं शिव्या दिल्या तरी चालेल, चप्पल उगारली तरी चालेल.

आई, आबेदा, चुलीपाशी होती. तिनं घाईघाईनं सतरंजी टाकली आणि चहाचं आधण ठेवलं.

"मीच येणार होते, गुरुजी. तीन दिवस झाले, तुम्ही रोज दुपारी कब्रस्तानात येता. पोरीच्या कबरीपाशी बसून एकेक वाक्य दोन-दोनदा सांगता. तिचे अब्बा बघतात ना रस्त्यावरून. अल्ला तुमचं भलं करो."

तिन्ही दुपारी गुरुजी वर्गात होते.

ते बोलायला गेले. आबेदाचे डोळे भरून आले होते. इतक्या दिवसांत त्यांच्याकडं असं मायेनं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली.

"पोर हुशार होती," ते म्हणाले. बाकीचं त्यांनी गिळलं. लाज वाटली, आणि खोटं कशाला बोला, बरंही वाटलं.

आबेदा चहाचा कप घेऊन पुढं आली.

बाहेर सायकल टेकल्याचा आवाज झाला. अख्तरीचा बाप फारूख अंगणातूनच बोलला, दमलेल्या आवाजात.

"आबेदा, आत्ता तिकडूनच आलो. गुरुजी कबरीपाशी बसून लई रडायलेत. म्हणतात, पोरीला मी मारलं. सगळं सांगितलं त्यांनी मला."

आबेदानं कप जमिनीवर ठेवला. ओढणी डोक्यावर ओढून घेत, समोर बसलेल्या माणसापासून ती हळूहळू मागं सरकली.