चांदणीच्या नावाचा फ्लॅट

हद्दीचा दगड कुठे आहे, एवढंच त्याने विचारलं होतं. आणि चांदणीने, अगदी मनापासून हसू दाबत, त्याला चुकीचा दगड दाखवला.

एकोणनव्वद सालचा तो नोव्हेंबर. काशीगावची भातकापणी आटोपली होती. रिकाम्या शेतात पेंढ्याचा वास भरून राहिला होता आणि खाडीवरचा खारा वारा मोजणीवाल्याच्या हातातला नकाशा सारखा उडवत होता. मोजणीवाला म्हणजे धम्मपाल. सरकारी मोजणी खात्यात नुकताच चिकटलेला, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडलेला, आणि समोरच्याच्या डोळ्यांत सरळ बघून बोलणारा. चांदणीच्या बापाला, बाळारामला, शेत बिल्डरला द्यायचं होतं आणि त्याआधी मोजणी व्हायला हवी होती. बाप साहेबांसाठी चहा सांगायला घराकडे गेला होता. बांधावर उरली चांदणी... वय एकोणीस, आणि अंगात खोड्या मावत नव्हत्या.

दिवसभर साखळी ओढूनही मोजणी जुळेना. चार दिवसांनी त्याला पुन्हा यावं लागलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला, बाळाराम पार पलीकडच्या टोकाला झेंडा धरून उभा असताना, चांदणीने साळसूद चेहऱ्याने विचारलं,

"साहेब, तुमचं गणित कच्चं हाय का?"

"गणित पक्कं आहे," नकाशावरची नजर न काढता तो म्हणाला. "दगड चुकीचा आहे. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला."

"मग... मग बोललात का न्हाय?"

"बोललो असतो तर काम त्याच दिवशी संपलं असतं."

चांदणी वळली आणि दोन पावलांतच अडखळली. ज्याला प्रेमात पडायचंच असतं, त्याला सपाट शेतातही ठेच लागते.

मोजणी संपली तरी भेटी संपल्या नाहीत. काशीमिऱ्याच्या एसटी स्टॉपवर तो उतरायचा आणि दोघं मिठागरांच्या कडेकडेने चालत राहायची. तो परभणीकडचा. बाप केरबा नोकरीसाठी इकडे आला, तसं सगळं कुटुंब हाटकेशला एका खोलीत राहत होतं. सात माणसं. आमच्याकडे रात्री कूस बदलायची तर आधी ठराव पास करावा लागतो, असं तो सांगायचा, आणि चांदणी हसून हसून खाली बसायची.

एकदा ती त्या खोलीवर गेलीही. त्याच्या आईने, केसरबाईने, तिला पाटावर बसवलं, चहा दिला आणि स्वतः दाराबाहेर जाऊन उभी राहिली. आत उभं राहायला जागाच नव्हती. आपल्यापायी या माऊलीला घराबाहेर उभं राहावं लागलं, हे चांदणीच्या मनाला फार लागलं.

तिच्या स्वतःच्या घरी मात्र उलटीच तऱ्हा होती. शेत विकलं गेलं आणि कौलारू घराच्या जागी बंगला आला. फ्रिज आला, तो आल्यागेल्याला दिसावा म्हणून पुढच्या खोलीत ठेवला. भाऊ दत्ताराम गळ्यात बोटाएवढी जाड चेन घालून नाक्यावर बसू लागला. पूर्वी एका चुलीभोवती सगळी जेवायची, आता ज्याचं त्याचं ताट ज्याच्या त्याच्या खोलीत. बाळारामला सवयीने पहाटे चारला जाग यायची. तो उठायचा, तोंड धुवायचा आणि गॅलरीत नुसता उभा राहायचा. जायला शेतच नव्हतं. चांदणीला त्याच्याकडे बघवत नसे.

शेत विकताना कागदावर मुलीची सहीही लागत होती. बाळाराम म्हणाला होता, "सही कर पोरी. बिल्डिंग उठली का त्यातला येक फ्लॅट तुजे नावान. बापाची जबान हाय."

तिने सही केली. आणि त्या क्षणापासून तिच्या डोक्यात एकच चित्र बसलं. त्या फ्लॅटमध्ये धम्मपाल आहे, आपण आहोत, आणि केसरबाई हॉलच्या मधोमध पाय पसरून बसली आहे.

हे तिने धम्मपालला कधीच सांगितलं नाही. कारण मिठागरावरून चालताना तो एकदा म्हणाला होता, सासऱ्याच्या घरात राहणारा जावई आणि दुसऱ्याच्या चपलेत चालणारा माणूस, दोघंही लंगडतात. सांगितलं तर तो नाहीच म्हणणार. त्यापेक्षा चावीच हातात ठेवू, मग बघू कसा नाही म्हणतो... असा तिचा बेत. बेत प्रेमाचाच होता, म्हणून तर त्याचं जास्त वाईट वाटतं.

एक्क्याण्णवच्या मे महिन्यात त्याची माणगावला बदली झाली. एसटी स्टॉपच्या मागे, गुलमोहराखाली त्याने तिचा हात पहिल्यांदा हातात घेतला.

"तुझे बाबा हो म्हणणार नाहीत, मला माहितीय. आधी फक्त जात आडवी होती, आता पैसाही आलाय. पण तू हो म्हण. ठाण्याला रजिस्टर लग्न करू. सोमवारी निघतोय मी."

हो म्हणायला किती वेळ लागतो? पण आत्ता पळून गेलं तर बाप फ्लॅट कुठला देतोय. बिल्डिंगचा पाया तर भरून झाला होता. काही महिन्यांचाच प्रश्न होता.

"दिवाळीपर्यंत थांब ना," ती म्हणाली. "माझं एक काम बाकी हाय."

"काय काम?"

"मग सांगेन..."

त्याने हात सोडला नाही, पण पकड सैल झाली. ते तिला कळलं. तरी तिने फ्लॅटचं नाव काढलं नाही.

दिवाळी आली आणि गेली. बिल्डिंग दुसऱ्या मजल्यावर अडून बसली. बिल्डर आज म्हणे, उद्या म्हणे. धम्मपालची पत्रं यायची, तीही तेच उत्तर पाठवायची, अजून थोडं थांब. मग एका रविवारी तो तिला भेटायला म्हणून आला, तर नाक्यावर दत्तारामने त्याला गाठलं. बहीण फ्लॅटसाठी थांबलीय, तुझ्यासाठी न्हाय, असं त्याने चारचौघांत सुनावलं. धम्मपाल तसाच परत गेला. त्यानंतर पत्रं बंद झाली. रागावला असेल, चावी बघितली की राग पळेल, अशी चांदणीने स्वतःची समजूत घातली. मधल्या काळात आलेली तीन स्थळं तिने परतवली.

पंचाण्णवच्या डिसेंबरात चावी मिळाली. तिने माणगावला चारच शब्दांचं पत्र टाकलं... एकदा ये, दाखवायचंय काहीतरी.

तो आला. लिफ्ट चालू झाली नव्हती, तीन जिने चढून आला. चष्मा लागला होता, जरा भरला होता. चांदणीने दार उघडलं आणि काही बोलायच्या आत चावी त्याच्या तळहातावर ठेवली.

"तुमच्यासाठी हाय. सगळ्यांसाठी. यासाठीच थांबवलं होतं तुला."

तो हॉलभर बघत राहिला. नव्या रंगाचा वास, उघड्या खिडकीतून येणारं ऊन, तीन भिंतींना तीन कपाटं. मग हळूच म्हणाला, "मला वाटलं, तुला आमची खोली नको होती."

"मना तूच पायजे होतास. खोलीत आईंना बाहेर उभं राहावं लागलं, ते बघवलं न्हाय..."

"चांदणी, वैशाख पौर्णिमेला लग्न झालं माझं." त्याने चावी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. "संघप्रिया नाव तिचं. चांगली आहे."

तिने मान हलवली, बातमी चांगली आहे अशी.

"आमच्या खोलीत प्रत्येकाचा एक खिळा असतो भिंतीला, कपडे अडकवायला. तू चहा पिऊन गेलीस ना, त्याच संध्याकाळी आईने आठवा ठोकला. म्हणाली, सात मावतात तिथे आठवी मावेल. चार वर्षं त्यावर कुणाला काही अडकवू दिलं नाही तिने."

"आणि आता?"

"आता आम्ही घरी गेलो की संघप्रियाची साडी असते."

त्याला पाच वाजताची गाडी होती. जिन्यावरची त्याची पावलं तिने तिन्ही मजले ऐकली. मग दार लावलं, आणि आपल्या नावाच्या त्या हॉलमध्ये, जिथे आता रडायला भरपूर जागा होती, ती मधोमध पाय पसरून बसली आणि रडली.