कडेपासूनचं माप

तेलाने माखलेल्या बोटांत ड्रॉइंग धरून एक पोरगा सुषमाच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. तलासरीच्या त्या छोट्या कारखान्यात ती वर ड्रॉइंग काढायची आणि हा मिथुन खाली मशीनवर असायचा. तोवर दोघांनी एकमेकांना धड पाहिलंही नव्हतं.

"मॅडम, भोक पाडू कुठं? कडेपासूनचं माप लिहिलंच नाहीत."

"पट्टी लावून बघायचं की."

"ड्रॉइंगवर पट्टी लावू नये, असं कोपऱ्यात तुम्हीच लिहिता… आणि कमी-जास्त व्हायला सूट किती, तर केसाएवढी! एवढ्या कडक का हो तुम्ही?"

सुषमा लाजून लालेलाल झाली. चूक खरीच होती. पण तो गेल्यावर कटिंग ऑइलचा वास खोलीत रेंगाळला, आणि बाईसाहेबांना तो चक्क आवडला! मग काय, पुढच्या ड्रॉइंगमध्ये एक माप मुद्दाम राहिलं. त्याच्या पुढच्यातही. तो यायचा, आशागडच्या घरचे चिकू खिशातून काढून टेबलावर ठेवायचा, आणि एक आकडा लिहायला अर्धा तास लागायचा. बघता बघता 'अहो'चं 'अरे' झालं.

खाली कुजबुज सुरू झाली. सारखं वर काय काम असतं, म्हणून फोरमन चिमणभाईंनी मिथुनला सगळ्यांसमोर झापलं. नेमकं त्या दिवशीच्या ड्रॉइंगमध्येही सुषमाने एक माप सोडलं होतं. ती वाट बघत बसली… तो आलाच नाही. त्याने खाली मशीनवर दिलेल्या झेरॉक्सवरच पट्टी ठेवून माप घेतलं आणि भोकं पाडली. झेरॉक्स मूळ ड्रॉइंगपेक्षा जराशी लहान निघाली होती. एकही नग जुळणीत बसेना, सगळा माल भंगारात गेला.

शेठने दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मिथुन म्हणाला, चूक माझी, मी विचारायला पाहिजे होतं. माप मी मुद्दाम सोडलं, एवढंच सुषमाला सांगायचं होतं. पण नोकरी जायची भीती मेली अशी, की तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. मिथुनला काढून टाकलं.

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी तिने शेठला सगळं सांगितलं. आता सांगून काय उपयोग, म्हणत त्याने दुसऱ्याच कामाचा फोन लावला.

मिथुन वापीला कामाला चाललाय असं कळलं, तशी ती धावतच नाक्यावर गेली. बॅग पायाशी ठेवून तो गाडीची वाट बघत होता.

"मापं मी मुद्दाम सोडत होते… तू वर यावास म्हणून," ती धापा टाकत म्हणाली. "मला तू आवडतोस, मिथुन. नको ना जाऊस."

"मुद्दाम सोडतेस ते मला केव्हाच कळलं होतं गं. गोड वाटायचं."

"मग?"

"शेठच्या केबिनमध्ये मी तुझ्याकडेच बघत होतो, सुषमा. सगळा वेळ."

गाडी आली. त्याने बॅग उचलली आणि तो चढला.

ती तशीच उभी राहिली. केबिनमध्ये तिने एकदाही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.