एकतिसावा लेख

"चोरी झालीय, आणि चोर घरातलाच आहे," अस्कालेचबाई दारातूनच म्हणाल्या.

सेनाइतने त्यांच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांना लाल माती होती. ही बाई अदिस अबाबातल्या कुंभारणींच्या संघटनेची अध्यक्ष. पंधरा वर्षं कोर्टात कारकुनी करून खासगी तपासाच्या धंद्यात पडलेल्या सेनाइतला माणसाचे हात आधी दिसत, तोंड मागाहून.

"बसा. काय गेलं?"

"एक लेख."

कोपऱ्यात लेगेसे बूट पुसत होता. तो सेनाइतची गाडी चालवायचा आणि उरलेल्या वेळात तिचं डोकं खायचा. "लेख? मला वाटलं, मडकी गेली!"

"मडकी परत होतील, दादा. टेकडी कुठून आणू?"

मग बाईंनी सगळं सांगितलं. ज्या टेकडीची माती घेऊन चारशे बायका मडकी घडवतात, ती एका वीट कारखान्याला हवी आहे. आज दुपारी जमीन कचेरीत सुनावणी, म्हणजे हातात तीन तास. आठ वर्षांपूर्वी याच कचेरीने भर सभेत शब्द दिला होता, की टेकडी कुंभारणींचीच राहील. तो वर्तमानपत्रात छापून आला होता. ते वर्तमानपत्र पुढे बंद पडलं. कचेरीच्या दप्तरात ठराव सापडत नाही म्हणे. संघटनेकडचं कात्रण यंदाच्या पावसात पेटीतच भिजून लगदा झालं.

"पण त्याआधी आमच्या फिकिर्तेने ते वेबसाईटवर चढवलं होतं. आमच्यावर लिहिलेलं सगळं एका जागी असावं, कुणालाही शोधता यावं, म्हणून दोन वर्षं राबतेय ती पोरगी. गेल्या आठवड्यात तो लेख मी या डोळ्यांनी पाहिला. काल शोधला तर गायब!"

"लिहिला कुणी होता?"

"झेलेके मास्तरांनी. तेव्हा ते त्या वर्तमानपत्रात होते. आता लेखांच्या तारखा आणि शुद्धलेखन तेच तपासतात." बाईंनी आवाज खाली आणला. "बायका म्हणताहेत, फिकिर्तेला कारखान्याने विकत घेतलं. तिची आई माझ्या शेजारी बसून मडकी घडवते हो. कालपासून तिने अन्नाला हात लावलेला नाही."

बाहेर पाऊस पडत होता आणि पोरं त्यात उघडीनागडी नाचत होती. आज रुफाएल देवदूताचा दिवस. आज अंगावर घेतलेला पाऊस वर्षभराची इडापिडा धुऊन नेतो.

"मीही नाचलो असतो," गाडी चालवता चालवता लेगेसे म्हणाला. "परवा माझा वाढदिवस. पागुमेतलं पोर मी! बारा महिने संपल्यावर उरलेले पाच दिवस, त्यात जन्मलो. आजी मला उरलासुरलाच म्हणायची."

"अजूनही तसाच आहेस."

टेकडीच्या पायथ्याशी कारखान्याची नवी पाटी लागली होती. तिच्यावर उगवता सूर्य रंगवलेला. अस्कालेचबाईंनी तोंड फिरवलं.

ऑफिस म्हणजे एक खोली. फिकिर्ते रडून सुजलेल्या डोळ्यांनी कॉम्प्युटरसमोर बसली होती. पडद्याच्या कडेने चिठ्ठ्याच चिठ्ठ्या चिकटवलेल्या: 'लेख ७१२, स्वल्पविराम राहिला.' 'लेख ९०४, आडनाव चुकलं.'

"मास्तरांच्या," फिकिर्ते म्हणाली. "रोज चार तरी येतात."

भिंतीवरच्या पाटीवर खडूने लिहिलं होतं, १,२४३.

"हे काय?"

"एकूण लेख. मंगळवारी लिहिलंय. त्यानंतर नवा एकही चढवलेला नाही."

सेनाइतने पडद्याकडे पाहिलं. वेबसाईटच्या पहिल्या पानावरही आकडा होता, १,२४३. सर्चच्या पानावर महिन्यांचे बारा कप्पे होते आणि प्रत्येकाखाली लेखांची संख्या.

"लेगेसे, या बाराची बेरीज कर."

"मी? ताई, गणितात मी..."

"कर म्हटलं ना!"

वेबसाईट बांधणारा नाहोम शर्टाची बाही ओढत उभा होता. त्याला आधी विचारलं.

"लेख काढून टाकायचा तर?"

"अध्यक्षांचा पासवर्ड लागतो. तो फक्त बाईंकडे."

"आणि तारीख बदलायची तर?"

"ती आम्ही तिघं बदलू शकतो. मी, फिकिर्ते, मास्तर."

"सर्चमध्येच काही बिघाड असेल."

नाहोमला ते झोंबलं. "लेख भरायचा फॉर्म मी स्वतः बनवलाय. सर्चचं पान परदेशातून तयार आणलंय, जगभर चालतं! बिघाड निघाला तर मी आत्ता नोकरी सोडतो. ही फिकिर्ते बारीकसारीक गोष्टीवरून रोज माझ्याशी भांडते, पण सर्चला तिनेही कधी नाव ठेवलेलं नाही."

फिकिर्तेने वही पुढे केली. प्रत्येक लेख महिन्यावार हाताने लिहिलेला. "हा बघा तो लेख. तिर महिना, तिमकतच्या सणाचा दुसरा दिवस. मी पुसला नाही हो. त्याच टेकडीच्या मातीत खेळून मोठी झालेय मी."

लेगेसेने वहीचं शेवटचं पान उलटलं. "पागुमे, लेख तीस. म्हणजे आमच्या महिन्यातही लोक लिहितात!"

झेलेके मास्तर मागच्याच गल्लीत राहत. ताप असल्याने ते घरीच होते. खांद्यावर पांढरी शाल, समोर कागदांची चळत, आणि कागद उडू नयेत म्हणून वर एक कोरी वीट. तिच्यावर ठसा होता, उगवत्या सूर्याचा.

"लेख तुमचा आहे, मास्तर. सुनावणीत तोंडी सांगाल?"

"वय झालं, बाई. आठ वर्षं झाली. नेमके शब्द आता आठवत नाहीत."

"फिकिर्तेने पुसला असेल?"

"छे! गुणी पोर आहे. यंत्रच भिकार! माझा रुफाएलच्या पावसावरचा लेख पंधरा दिवस शोधतोय, तोही सापडत नाही. यंत्रावर विसंबायचं म्हणजे असंच व्हायचं."

आतून एका तरुणाचा आवाज आला, "बाबा, ती माणसं आली का?" मास्तर घाईने उठले आणि त्यांनी दार लोटलं.

गल्लीत लेगेसे म्हणाला, "म्हातारा बिचारा. स्वतःचं लेकरू स्वतः कोण लपवेल?"

"बेरीज झाली?"

"तीनदा केली. चुकतेच आहे. एक हजार दोनशे बारा येतात. एकतीस कमी!"

सेनाइत थांबली. वर्षभरात ती फार थोड्या वेळा हसायची, त्यातली ही एक वेळ. "लेगेसे, तुझी आजी शहाणी होती. चल, मास्तरांना शाल पांघरवून घेऊन ये. ताप असला तरी."

सुनावणीला तास उरला होता. सगळे ऑफिसात जमले. अस्कालेचबाई उभ्याच होत्या.

"लेख पुसलेला नाही," सेनाइत म्हणाली. "पुसला असता तर पहिल्या पानावरचा आकडा एकने उतरला असता. तो पाटीवर आहे तेवढाच आहे. म्हणजे लेख इथेच आहे, फक्त दिसत नाही. बारा कप्प्यांत मिळून एकतीस लेख कमी भरतात. ते कुठे गेले? नाहोम, वर्षाला महिने किती?"

"ते... तेरा. तीस-तीस दिवसांचे बारा, वर पागुमे." नाहोमच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. "पण सर्चचं पान परदेशातलं. त्याला बाराच ठाऊक. अरे देवा!"

"तुझ्या फॉर्ममध्ये पागुमे आहे, सर्चमध्ये नाही. पागुमेचा प्रत्येक लेख साठ्यात पडून राहतो आणि शोधल्यावर मिळत नाही. आपला महिना, आपलीच चूक. घरच्या माणसाच्या लक्षातही आली नाही. आता फिकिर्तेच्या वहीत पागुमेचे लेख तीस, आणि हरवलेले एकतीस. हा एकतिसावा कोण? कुणीतरी तिरमधल्या लेखाचा महिना बदलून तो पागुमेत ढकलला."

"नाहोमने!" बाई ओरडल्या.

"त्याला ही खोट माहीत असती तर नोकरीची पैज लावली नसती. फिकिर्तेला माहीत असती तर तिने याच्याशी भांडून जग डोक्यावर घेतलं असतं. तिसऱ्याला मात्र माहीत होती." सेनाइत वळली. "रुफाएल येतो पागुमेत. तुमचा लेख पंधरा दिवस सापडत नव्हता, मास्तर. स्वल्पविराम राहिला तरी चिठ्ठी पाठवणारा माणूस, स्वतःचा लेख दिसत नाही याची चिठ्ठी पाठवत नाही? इथल्या सगळ्या चिठ्ठ्या मी वाचल्या. ती एकच नाही."

मास्तर शालीचं टोक मुठीत धरून बसले होते.

"आणि तुमच्या कागदांवरच्या विटेवर कारखान्याचा सूर्य आहे."

मग मास्तर म्हणाले, "पोरगा तीन वर्षं घरात बसलाय, बाई. शिकलेला पोरगा. नमुन्याची वीट घेऊन ते आले. म्हणाले, देखरेखीची नोकरी देतो, फक्त तो लेख सुनावणीत समोर येऊ देऊ नका. नंतर मी तो परत जागेवर ठेवणार होतो. देवाशपथ!"

"टेकडी गेल्यावर?" अस्कालेचबाईंनी विचारलं. "आणि या पोरीच्या तोंडाला काळं फासल्यावर?"

फिकिर्तेने तोवर साठ्यातला तेरावा महिना उघडला होता. एकतीस नावं. खालून चौथा तो लेख, सभेच्या फोटोसकट. प्रिंटर खरखरला.

बाईंनी कागद उचलला आणि मास्तरांच्या मांडीवर ठेवला. "उठा. खाली नाव तुमचं आहे. वाचायचाही तुम्हीच."

"मी? कुठल्या तोंडाने?"

"ज्या तोंडाने 'आठवत नाही' म्हणालात, त्याच."

जमीन कचेरीत पहिल्या बाकावर फिकिर्तेची आई बसली होती, दोन दिवसांची उपाशी. अधिकाऱ्याने कागद उलटसुलट करून मास्तरांना परत दिला. "हे तुम्हीच लिहिलंय? असंच्या असं?"

मास्तरांनी फिकिर्तेच्या आईकडे पाहिलं. मग हातातला कागद घडी करून टेबलावर ठेवला, डोळे मिटले आणि पहिल्या ओळीपासून लेख म्हणायला सुरुवात केली. कारकून लिहून घेत होता. लेगेसे दुसऱ्या छापील प्रतीवर बोट ठेवून ताडून बघत होता.

"ताई," तो कुजबुजला, "एक शब्दही चुकला नाही हो."