पोहण्याच्या तलावातले मासे

सलग तिसऱ्या सकाळी हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात मेलेले मासे निघाले आणि दुपारी नगरपालिकेची नोटीस आली: किनाऱ्यावरची मासे वाळवायची जागा दोन दिवसांत रिकामी करा.

मासळीवाल्या बायकांची म्होरकी, जिला सगळे थोरली म्हणत, ती नोटीस घेऊन गावातल्या भानगडींचा छडा लावणाऱ्या तपासनीस बाईंकडे आली. मासे आम्ही टाकले नाहीत, हे ती सांगून थकली होती. कोणी ऐकूनच घेत नव्हतं. हॉटेलचा मॅनेजर तिचा सख्खा दीर, तोही तोंड फिरवून बसला होता.

बाई आणि त्यांचे यजमान, निवृत्त मास्तर, हॉटेलात गेले.

पहारेकरी वैतागलेला होता. सकाळी सहाला मासे त्यालाच काढावे लागत. लाकडासारखे कडक, हात बधिर होतो, असं तो कुरकुरला. आचाऱ्याने हात झटकले. तो सातला येई. फ्रीजरची एकुलती किल्ली मॅनेजरकडे, तो उघडेल तेव्हा याचं काम सुरू. मॅनेजर मात्र गोड बोलला. बायका चिडल्यात, पहाटे ताजी मासळी आणून टाकतात, वहिनीचं वाईट वाटतं, म्हणाला.

बाहेर वारा भणाणत होता. पाच दिवस सगळ्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होत्या.

मास्तरांना थोरलीचाच संशय येत होता. राग माणसाकडून काहीही करवतो, असं त्यांचं मत पडलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना नगराध्यक्षांसमोर बसवलं.

"पाच दिवस एकही होडी समुद्रात गेलेली नाही. मग ताजी मासळी आली कुठून? मासे कडक होते, हात बधिर करत होते. म्हणजे गोठवलेले, आणि सहाच्या जरा आधीच टाकलेले. या बायका मासे मीठ लावून वाळवतात, त्यांच्याकडे फ्रीजर नाही. तो हॉटेलात आहे, आणि किल्ली एकाच माणसाकडे."

दिराने मान खाली घातली.

"पाहुणे वासाला नावं ठेवतात. मालक म्हणाला, जागा हलव नाहीतर तू नीघ. मी काय करणार होतो, वहिनी?"



नगराध्यक्षांनी चष्मा पुसला. मॅनेजरचं काय ते बघू, म्हणाले. नोटीस मात्र मागे घेता येणार नव्हती.

"मासे कोणी का टाकले असेनात, वास तर येतोच ना?"

मास्तर तावातावाने भांडले. बाईंनी नियम दाखवा म्हटलं, तर फाईलवाला रजेवर होता.

जिन्यात थोरली थांबली. "चोर सापडला, बाई. जागा गेली ती गेलीच."



थोरलीने पदर खोचला आणि ती मागून उतरणाऱ्या दिराकडे वळली. "चल. चाळीस टोपल्या आहेत. उचलायला लाग."