पाण्यावरची पाळी

"यासिंता उद्या पाण्यावर जाणार नाही," मांका म्हणाली, आणि जेवणारे हात ताटातच थांबले.

बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं... या घरात ती सहसा तोंड उघडत नसे. सकाळपासून ती उद्याच्या पाहुण्यांसाठी कच्ची केळी सोलत बसली होती, आणि पाठीचा कणा दुखत होता.

तिच्या धाकट्या भावाची बायको अग्रिपिना हातातला वाडगा खाली ठेवून हसली. "ऐकलंत का? पाण्यावर कोणी राहायचं ते आता वन्सं ठरवणार. आणखी काय ऐकायचं राहिलंय?"

"वर पाऊस आहे, अग्रिपिना. कालपासून जंगलावर ढग बसलाय. पोरगी नवीन आहे."

"नवीन आहे म्हणून काय झालं? जुन्यांनी काय दिवे लावले ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

मांकाने भावाकडे पाहिलं. हाडाला चिकटलेलं मांस फिदेलिस इतक्या एकाग्रतेने सोडवत होता, की समोर काय चाललंय हे त्याच्या गावीही नाही असं कुणालाही वाटलं असतं. मांकाला तसं वाटलं नाही.

"आत्या, मी नीट राहीन ना," त्याची मुलगी यासिंता समजावणीच्या सुरात म्हणाली. "शिट्टी गळ्यातून काढणारच नाही, बघ."

त्या शब्दांसरशी मांकाच्या काळजात जुनी कळ उठली, आणि ती ताट तसंच सोडून उठली.

शनिवार-रविवार म्हणजे या घराची सुगी. मोशी, अरुशा या खालच्या शहरांतून कचेऱ्यांत पिचलेली माणसं पोराबाळांना घेऊन वर येत. फिदेलिसच्या तीन जीपगाड्या त्यांना वळणावळणाच्या रस्त्याने डोंगर दाखवत फिरवत, ढग हटले तर शिखरावरचं बर्फ दाखवत, मग मंडळी कॉफीच्या झाडांमधून चालत धबधब्यावर जात आणि खालच्या डोहात मनसोक्त डुंबत. ती डुंबत असताना घरातलं एक माणूस धबधब्याच्या वरच्या वळणावर पाण्याकडे डोळे लावून उभं असे. खाली लख्ख ऊन असलं तरी वर जंगलात कोसळत असू शकतं. आधी पाणी चहासारखं लाल होतं, मग पानं-काटक्या वाहत येतात, आणि मग देवाचं नाव घ्यायलाही उसंत मिळत नाही. रंग बदलला की शिट्टी वाजवायची. यालाच पाण्यावर राहणं म्हणत. शहाणा, अडाणी कुणीही करावं असं काम, फक्त जागा सोडायची नाही!

वीसेक वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी पाळी फिदेलिसची होती. नुकतं मिसरूड फुटलेलं पोरगं, बापाने पहिलीवहिली जीप घेतलेली. डोहात पाहुण्यांबरोबर आमेदेउस होता, शेजारच्या टेकडीवरच्या शिरिमाबाबांचा एकुलता एक मुलगा. कॉफीचा तोडा उरकला की त्याचं आणि मांकाचं लग्न व्हायचं होतं. दोन्ही घरांनी मिळून केळ्याची दारू पिऊन बोलणी पक्की केली होती. मांका भावासाठी जेवण घेऊन वळणावर गेली, तर वळण रिकामं. शिट्टी फांदीला लटकत होती, आणि पाणी... पाणी लाल झालं होतं! तिने शिट्टी ओढून घेतली आणि ओठ फुटेस्तोवर वाजवत राहिली. आमेदेउसने पाहुण्यांची मुलं काठावर लोटली. तो स्वतः मात्र वर आला नाही.

धावत आलेल्यांना दिसली ती तोंडात शिट्टी धरलेली मांका. "पाण्यावर कोण होतं?" बापाने विचारलं. फिदेलिस मागे पांढराफटक पडून उभा होता. तो खाली रस्त्यावर नव्या जीपला टेकून शहरातल्या मुलींबरोबर फोटो काढून घेत होता, हे घरात फक्त त्याला माहीत होतं, आणि त्याने जागा सोडली एवढं रिकामं वळण पाहिलेल्या मांकाला उमगलं होतं. तो घरातलं शेंडेफळ. आमच्याकडे घर, केळीची बाग, आईबापाचं म्हातारपण, सगळं शेंडेफळाच्या गळ्यात असतं. बाप तापट होता, त्याने पोराला त्याच दिवशी देशोधडीला लावलं असतं. मांका म्हणाली, "मी."

एक अक्षर. पण त्या एका अक्षराने तिचं उभं आयुष्य गिळलं.

तिसऱ्या दिवशी ती इसालेचं पान घेऊन शिरिमाबाबांच्या दारात उभी राहिली. बागेच्या बांधावर, थडग्यांच्या कडेने लावतो तेच हे लांब हिरवं पान. ते हातात धरून कुणी दारात आलं की आमच्या डोंगरावर क्षमा नाकारता येत नाही. नाकारणाऱ्यालाच शाप लागतो. आणि एकदा पान घेतलं की तो विषय संपला, पुन्हा कुणी काढायचा नाही. शिरिमाबाबांनी पान घेतलं. "पुन्हा या दारी येऊ नकोस," ते म्हणाले. "माझ्या पोराच्या थडग्यापाशीही नको."

त्यानंतर मांकाला कुणी मागणी घातली नाही. होणाऱ्या नवऱ्याला बुडवलं म्हणे हिने, हे सांगायला आयाबायांना कुणी थांबवलं असतं? आईबाप गेले, एका जीपच्या तीन झाल्या. सुरुवातीला फिदेलिस स्वयंपाकघरात येऊन तिच्या पायांवर डोकं ठेवून रडायचा. मग कमी रडायला लागला, मग नजर चुकवायला लागला. बायकोशी तो याबद्दल कधीच बोलला नाही, आणि बायको बोलायची तेव्हा गप्प बसायला शिकला. माणसाचं असंच असतं, उपकाराचं ओझं फार झालं की उपकार करणाऱ्याचं तोंडच नकोसं होतं.

मांकाला आता मान नको होता, घर नको होतं. एकच आस जिवाला लागून राहिली होती... शिरिमाबाबांनी जग सोडण्याआधी त्यांना एकदा कळावं, की आमेदेउसकडे पाठ फिरवणारी ती नव्हती. पण ते सांगायचं तर भावाला पुढे करावं लागणार होतं, आणि तेवढं तिच्याने होत नव्हतं.

शनिवारी फिदेलिसने धबधब्याची वाट बंद ठेवली आणि पाहुण्यांना नुसतं गाडीतून फिरवून आणलं. दुपारी मंडळी अंगणात कॉफी पीत असताना निरोप आला: शिरिमाबाबांचं काही खरं नाही. मांकाला बोलावलंय... आणि फिदेलिसलाही.

अग्रिपिना पाहुण्यांपाशी थांबली. केळी-मटणाच्या रश्शाचं भांडं मांडीवर सांभाळत यासिंता जीपमध्ये मागे बसली. धुकं रस्त्यावर उतरलं होतं. त्या रस्त्याने मांका इतक्या वर्षांत कधी वर आली नव्हती.

"ताई," फिदेलिस पुटपुटला, "त्यांनी विचारलं तर?"

"इतकी वर्षं विचारलं नाही त्यांनी."

"तू सांगणार आहेस का?"

"तू सांगशील का रे?"

त्याने गिअर बदलला. "पोरगी मागे बसलीय," तो म्हणाला.

शिरिमाबाबा खाटेवर पडले होते. अंगावर घोंगडी, गालफडं बसलेली, पण डोळे मात्र स्वच्छ होते. मांका उंबऱ्यातच थबकली. न येण्याची आज्ञा अजून कुणी मागे घेतली नव्हती.

"ये, पोरी," ते म्हणाले. "मला माहीत होतं."

"काय, बाबा?"

"त्या दिवशी गवताचा भारा घेऊन मी रस्त्याने येत होतो. वर शिट्टी वाजत होती, आणि हा खाली गाडीला टेकून हसत होता." त्यांनी फिदेलिसकडे मान वळवली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तीन दिवस मी याची वाट बघत होतो. म्हटलं, येईल. पोरगा आहे, घाबरलाय, पण येईल. आलीस तू."

मांका उंबरा ओलांडून आत आली. "मग तुम्ही का नाही... बाबा, इतकी वर्षं..."

"पान घेतल्यावर बोलायचं कसं? आज बोलतोय, शाप लागला तर लागला, आता तो माझं काय वाकडं करणार? मी चिडलो ते आमेदेउससाठी नाही गं. तू दुसऱ्याचं पान आणलंस म्हणून. ज्याचं होतं त्याची वाट बघायची सोयच तू माझ्यासाठी ठेवली नाहीस. पण थडग्यापाशी येऊ दिलं नाही, ते माझं चुकलं. इथे उशाशी बस. ती सुनेची जागा आहे. मी गेलो की पहिली मूठ माती तू टाकायचीस, सूनबाई."

त्या एका हाकेसाठी मांका किती वर्षं जळली होती! आज ती हाक कानांवर आली आणि तिला आनंद झालाच नाही. ती उशाशी बसली, आणि इतकी वर्षं कोंडून धरलेलं रडणं ओंजळीत तोंड लपवून मोकळं करत राहिली. ज्यांना कळावं म्हणून तिने जीव धरून वाट पाहिली, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं... मग तिने सोसलं ते कुणासाठी?

फिदेलिस ताडकन बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात थडग्याच्या कडेचं इसालेचं ओलं पान होतं. तो खाटेपाशी गुडघ्यांवर बसला. त्याने पान धरलेले हात पुढे केले.

म्हाताऱ्याने आपले हात घोंगडीखाली घेतले.

"एका मरणाचं पान दोनदा घेत नाहीत, बाळा," ते हळुवारपणे म्हणाले. "आमेदेउसचं पान मला मिळालंय. तुझ्या बहिणीने दिलं. तुला द्यायला आता माझ्यापाशी काही उरलं नाही."

त्यांनी रागाने हाकललं असतं तर फिदेलिसला ते सोसवलं असतं. मांकाने त्याचा चेहरा पाहिला, आणि आपण काय करून बसलो ते तिला त्या क्षणी कळलं. बापाच्या रागापासून तिने भावाला वाचवलं होतं. पण क्षमेचं जे एकुलतं एक दार होतं, तेही तिनेच आपल्या हाताने लावून घेतलं होतं.

फिदेलिस पान घेऊन बाहेर आला, मागोमाग मांकाही. अंगणात बारीक पाऊस सुरू झाला होता. रश्शाचं भांडं हातात धरून यासिंता ओसरीवर उभी होती. "बाबा, हे पान कशाचं?"

फिदेलिस तिच्यापुढे थांबला. थांबला नसता, आजारी माणसासाठी आणलं होतं असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती, तरी चालून गेलं असतं.

"पाण्यावर आत्या नव्हती," तो म्हणाला. "मी होतो. मी जागा सोडली. तुझी आई जे बोलते ना तिला, ते सगळं माझं आहे."

यासिंताने बापाकडे पाहिलं. भांडं खाली ठेवलं, आणि जाऊन आत्याच्या शेजारी उभी राहिली.

फिदेलिस पान घेऊन तसाच उभा होता. क्षमेसाठी तोडलेलं पान टाकून देता येत नाही, परत झाडाला लावता येत नाही. "आता हे मी कुठे नेऊ, ताई?" एवढा मोठा तीन जीपगाड्यांचा मालक, पण आवाज त्या दिवशीच्या पोराचा झाला होता.

मांकाच्या आत काहीतरी पेटलं. इतक्या वर्षांत तिला भावाचा राग आला नव्हता. दया यायची, लाज यायची, राग नाही. आज तो पायांपासून वर चढत आला, आणि तिने तो अडवला नाही.

"त्या दिवशी एकच माणूस मेलं, असं तुला कोणी सांगितलं रे?"

त्याला समजेना.

"आमेदेउसचं पान देऊन झालं, फिदेलिस," ती म्हणाली. "माझं कुणी आणलंय अजून?"

तो अंगणातल्या चिखलात तिच्यापुढे गुडघे टेकून बसला आणि त्याने दोन्ही हातांनी पान वर धरलं. मांकाने ते लगेच घेतलं नाही. रीत रीतीच्या जागी, नाकारता येत नाही हे तिलाही ठाऊक होतं, पण थोडा वेळ थांबायला कुणाची मनाई नव्हती. भावाच्या पाठीवर पाऊस पडत राहिला, आणि ती पाहत राहिली.

मग तिने दोन्ही हात पुढे केले.