काहीच न गाळता

ताई गेल्यावर पंधरा दिवसांनी मी तिच्या घरी गेलो, ते फक्त तिची गाणी पेन ड्राइव्हवर घ्यायला. भर दुपार होती. भावजींनी कॉम्प्युटर लावून दिला आणि तिचे मोठे हेडफोन माझ्या हातात ठेवले.

"मोबाईलवर ऐकू नकोस, तिला राग यायचा," ते म्हणाले. "ही लॉसलेस फाईल आहे. यात काही म्हणजे काही गाळलेलं नसतं."

चार पोरापोरींच्या बँडचा इंडी-पॉप अल्बम. पाच वर्षांपूर्वीचा. ताईने त्याची पारायणं केली होती.

मी डोळे मिटले. गाणाऱ्या मुलीचा श्वास ऐकू आला. तारेवरून सरकलेलं बोटसुद्धा. तिसऱ्या गाण्यात, ड्रम्सच्या मागे, लोखंड फरशीवर पडलं. हा आवाज मी झोपेतही ओळखीन. आमच्या गॅरेजमधला सतराचा पाना.

मग माझाच आवाज, वैतागलेला. "ताई, ठेव आता. हात काळे आहेत माझे."

ती अपघातात गेली, त्याच दुपारी मी हे फोनवर बोललो होतो. आणि फोन कापला होता. तिला काय सांगायचं होतं?

गाण्यात मात्र ताई पुढे बोलत होती. मी फोन कापल्यानंतरची ताई. "तापलं का आमचं इंजिन? अरे, ऐक तरी..."

मी हेडफोन भावजींच्या कानांवर चढवले. ते बराच वेळ ऐकत राहिले. "गाणंच आहे रे," म्हणाले आणि डोळे पुसले.

मी पुन्हा लावलं. पुन्हा पाना, पुन्हा मी, पुन्हा "ऐक तरी..." मला राहवेना. मोठ्याने म्हणालो, "बोल ना ताई! ऐकतोय मी. काय सांगत होतीस?"

गिटार थांबली. ड्रम्स थांबले. पडद्यावर सेकंद तेवढे पुढे सरकत होते.

"सांगते," ताई कुजबुजली. "पण ओरडू नकोस... इथं सगळे ऐकतायत."

डाव्या कानात एक खुर्ची सरकली. मग उजव्या कानात दुसरी. मग कितीतरी खुर्च्या, सावकाश, फरशीवरून ओढत, जवळ... आणखी जवळ...

भावजी काहीतरी विचारत होते, ओठ हलताना दिसत होते. हेडफोन काढायला माझा हात वर गेला होता. पण ताईचं सांगणं अजून व्हायचं होतं.